तिघांची एकच जन्मतारीख

मार्च महिन्यात सातारा-सांगलीकडे हौसेनं फिरायला कुणी जात नाही. मीही फिरायला गेले नव्हते. तीन तरुण माणसांच्या खऱ्या जन्मतारखा शोधून आणायला ऑफिसनं मला पाठवलं होतं, आणि हातात पाच दिवस होते. परत आल्यावर ज्यांना ज्यांना हे सांगितलं ते आधी हसले. म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढते.

मी मुंबईत एका कंपनीत नोकरभरतीचं काम बघते. कंपनी कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहून देते. हे काय असतं ते शेजारणींना सांगताना माझी अजून तारांबळ उडते. यंत्रानं काय करायचं ते पायरीपायरीनं कागदावर लिहून द्यायचं, एवढं सांगून मी विषय बदलते. अमेरिकेत आमचं एक लहानसं ऑफिस आहे. तिथं चार माणसं होती. काम वाढलं म्हणून आणखी आठ जण पाठवायचं ठरलं. परीक्षा, मुलाखती, पासपोर्ट, सगळं माझ्या हातून झालं. मे महिन्यात सगळ्यांनी निघायचं होतं, आणि निघताना एकवीस वर्षं पूर्ण हवीत, अशी तिकडची अट होती.

मग टेलेक्सच्या यंत्रावर अमेरिकेहून निरोप आला. आठांपैकी तिघांचा वाढदिवस एक जूनला कसा, असं तिकडच्या मॅनेजरनं विचारलं होतं. विमा कंपनी हे कागद घ्यायला तयार नव्हती. खऱ्या तारखांचे पुरावे पाठवा, आणि यापुढं एक जरी कागद खोटा निघाला तरी आठही जणांची भरती रद्द करून आम्ही इथलीच माणसं घेऊ, असं शेवटी होतं.

साहेबांनी विचारलं, तुमच्या नजरेतून हे सुटलं कसं? सुटलं नव्हतं. दिसलं होतं आणि मी पुढचा कागद घेतला होता. शाळेच्या दाखल्यावर एक जून दिसला की आपल्याकडे कुणी थांबत नाही. गावात मूल शाळेत आणलं की मास्तर त्याच्याकडे बघून वय धरतात, आणि शाळा उघडताना सहा पूर्ण होतील अशी तारीख टाकतात. त्या हिशेबानं अर्धा महाराष्ट्र एकाच दिवशी जन्मला आहे. हे अमेरिकेतल्या माणसाला टेलेक्सवर कसं पटवायचं? आमच्या ओळखीचे एक जण रविवारी विमानानं तिकडे जाणार होते, त्यांच्या हाती कागद द्यायचे होते. सोमवारी सकाळी मी निघाले.

सातारा

पहिला मुलगा प्रताप. वडील फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. पोवई नाक्यावर रिक्षावाल्याला नाव सांगितलं तर त्यानं उलट विचारलं, कुठले सुभेदार? त्या भागात घराआड एक सुभेदार निघतो. शेवटी दारात तुळशीच्या कुंड्या एका रांगेत आणि सारख्या अंतरावर दिसल्या, तेव्हा हेच घर असणार असं मी ताडलं.

मी प्रश्न पुरता विचारायच्या आत सुभेदारांनी पलंगाखालून काळी लोखंडी ट्रंक ओढली. "बाईसाहेब, फौजेत पोरगं झालं की त्येची ऑर्डर निघती. आन् ऑर्डर निघाली म्हंजे ते पोरगं कुणाच्या बापाला नाकारता येत न्हाई." पिवळ्या पडलेल्या टाईप केलेल्या कागदावर प्रतापचं नाव होतं आणि तारीख होती, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवसाची. एक जूनच्या साडेचार महिने आधीची. तो वयानं थोडा मोठाच निघाला. मी सुटकेचा निःश्वास टाकला.

शाळेत एक जून कसा लागला, याची हकीकत त्यांनी उभ्या उभ्या सांगितली. ते सरहद्दीवर होते, मुलाला मामानं शाळेत घातलं, मामाला तारीख माहीत नव्हती. रजेवर आल्यावर यांनी हेडमास्तरांना तीन अर्ज केले. एकाचंही उत्तर आलं नाही. "पोरगा दोनदा जन्मला, आन् दोन्ही वेळंला मी ड्युटीवर."

सुभेदारीणबाईंनी गव्हाची खीर केली होती. वाटी संपत आली तेव्हा सुभेदारांनी शांतपणे विचारलं, "पण बाईसाहेब, पासपोर्टावर तर एक जूनच हाय. आता ही ऑर्डर दावली की पासपोर्ट खोटा ठरतोय का?"

हे माझ्या आधी लक्षात यायला हवं होतं. मी म्हटलं, दोन्ही कागद सोबत जातील आणि मी खुलासा लिहीन. त्यांनी मान डोलावली, पण समाधान झालेलं दिसलं नाही. माझंही झालं नव्हतं. 

मेढा

मंगळवारी सकाळच्या एसटीनं मेढ्याला गेले. घाट चढायला लागलं की साताऱ्याचा कोरडा वारा मागे राहतो. कुसुमचं गाव मेढ्याहून तीनेक मैल चढावर, पंचवीस-तीस घरांची वाडी. ही मुलगी आमच्या परीक्षेत पहिली आली होती. साताऱ्याला राहून गणितात बी. एस्सी. केलं, मुंबईला मुलींच्या वसतिगृहात राहून आमच्याकडे वर्षभर शिकली. बोलते कमी. तिच्या हातचा प्रोग्रॅम पहिल्या खेपेला चालतो, हे आमच्याकडचे पुरुषही मान्य करतात. आठांत मुलगी ती एकटीच.

अर्ध्या चढावर माझ्या चपलेचा अंगठा तुटला. अनवाणी चालायची सवय गिरगावात राहून कधीच गेलेली. वाटेत शाळा लागली, दोन खोल्यांची. तिथले दुय्यम शिक्षक बाहेर आले, त्यांनी सुतळीनं चप्पल पायाला बांधून दिली आणि हेडमास्तर वर्ग घेत होते म्हणून स्वतः मला कुसुमच्या घरी पोचवलं.

कुसुमची आई शेणानं अंगण सारवत होती. हात धुऊन तिनं आधी पाणी दिलं, मग नाचणीची भाकरी आणि घेवड्याची उसळ. जेवल्याशिवाय कामाचं बोलू देईना. आमच्याकडे पाहुण्याला आधी विचारतात काय काम आहे, मग चहाचं ठरतं. इथं उलट आहे. शिक्षकही समोर बसून जेवले.

मग मी विचारलं, कुसुमचा जन्म कधीचा?

"आवं बाई, तारीख कुणाला ठावं. सुगी चालल्याली. भात खळ्यावर हुतं." सुगी म्हणजे इकडे कार्तिकातली. मी वर्ष विचारलं. तिला अजिबात विचार करावा लागला नाही. "म्हातारं गेलं न्हवं का, माझा सासरा, त्येच्या तेराव्याला झाली ही. घर पावण्यांनी भरल्यालं, आन् मी गोठ्यात. पंगत उठली तवा सासूला कळलं पोरगी झाली म्हणून."

मी खूश झाले. हे आता लाज वाटून लिहिते, पण झाले. मुलीच्या जन्माची नोंद कुणी केली नसेल, पण म्हातारा मेला म्हटल्यावर जमीन वारसांच्या नावावर चढली असणार, आणि तिथं मृत्यूची तारीख असणारच. संध्याकाळच्या आत मेढ्याला परत येऊन मी तलाठी भाऊसाहेबांना गाठलं. त्यांनी कुरकुर केली, उद्या या म्हणाले, मी बाकावरून उठले नाही. फेरफाराची जुनी वही निघाली. म्हाताऱ्याच्या मृत्यूची तारीख मिळाली. भाऊसाहेबांनी उतारा लिहून शिक्का मारून दिला. मी बोटांवर तेरा दिवस मोजले, मग वर्षं मोजली.

पुन्हा मोजली. कुसुम वीस वर्षं चार महिन्यांची होती. शाळेनं तिला दीड वर्षानं मोठी केली होती. मेमध्ये निघायचं तर एकवीसला सहा महिने कमी पडत होते.

मेढ्याच्या स्टँडवर बसून मी तो उतारा तीनदा वाचला. एसटीला वेळ होता. मी तलाठ्याकडचं काम आटपून गाडीला येणार म्हणून कुसुमची आई आणि शिक्षक तोवर स्टँडपर्यंत आले होते. तिला मुलीसाठी तांदळाचं गाठोडं द्यायचं होतं. माझा चेहरा बघून तिनं विचारलं, "बाई, मी काय चुकीचं बोलले व्हय?"

मी नाही म्हटलं. ती खरंच बोलली होती, आणि तिच्या खऱ्यामुळं तिच्या मुलीचं जाणं अडत होतं. हे तिला सांगायचं धैर्य मला झालं नाही. गाठोडं मांडीवर घेऊन मी गाडीत बसले.

विटा

गुरुवारी दुपारी विट्याला पोचले. मधला बुधवार साताऱ्यात गेला: ऑर्डरची नक्कल खरी असल्याचा शिक्का मारून घ्यायचा होता, आणि तेवढ्या शिक्क्यासाठी तीन कचेऱ्या झाल्या. मी सगळीकडे कुसुमचाच विचार करत होते. उतारा पिशवीच्या आतल्या कप्प्यात होता आणि मी उगाच दर तासाला तो तपासून बघत होते, जणू नाहीसा झाला तर बरं.

दिलीपचं घर गावाबाहेर, नवीन बांधलेलं, आणि जवळजवळ रिकामं. इकडचे पुरुष देशभर सोनं गाळण्याची दुकानं चालवतात. एक जण परक्या शहरात जातो, भट्टी मांडतो, जम बसला की पुतण्याला बोलावतो, मग भाच्याला. दिलीपचे आईवडील कोईमतूरला. घरी चुलते होते, स्वतः वीस वर्षं तिकडे काढून परतलेले. आमच्या ऑफिसची वाढ त्यांना दोन वाक्यांत कळली. मुंबईत मला ती कुणालाही एवढ्या लवकर समजावता आली नव्हती.

"म्हंजे आमच्यागतच. चार गेले, आता आठ. स्वयपाकाला कोण हाय?"

मी म्हटलं, स्वतःच करतात.

"मग टिकायची न्हाईत. पैल्या वर्षी दुकान बुडतंय ते जेवणापायी. आमी आदी आचारी धाडतो, मग भट्टी."

ही सूचना मी वहीत लिहून घेतली.

दिलीपची तारीख सोपी निघाली आणि अवघडही. तो कोईमतूरच्या दवाखान्यात जन्मला होता. नगरपालिकेचा जन्मदाखला घरातच होता, पण तो तमिळमध्ये. सहाव्या वर्षी मराठी शाळेसाठी त्याला गावी धाडलं तेव्हा मास्तरांनी दाखला उलटासुलटा करून बघितला, परत दिला आणि एक जून लिहिला. चुलत्यांनी चष्मा लावून तो मला वाचून दाखवला. अक्षरावर बोट ठेवून तमिळ, मग मराठी. ऑगस्टची तारीख होती. मुलगा बावीस पूर्ण. त्यांनी भाषांतर सांगितलं, मी लिहिलं, त्यांनी सही केली.

बोलता बोलता त्यांचं लक्ष माझ्या पायातल्या सुतळीकडे गेलं. ते आत गेले, बारीक चिमटा आणि तांब्याची तार घेऊन आले आणि सोनं जोडावं तशा निगुतीनं चपलेचा अंगठा बसवून दिला. मग जेवायला ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि घट्ट दही. चटणीनं डोळ्यात पाणी आलं तेव्हा ते म्हणाले, "लय तिखट हाय का? का दुसरंच काय हाय?"

मी तिखट आहे असं सांगितलं.

सांगली

शुक्रवारी सांगलीला जायचं मूळ यादीत नव्हतं. वाडीच्या शाळेत सुरुवातीला एकच गुरुजी होते, मगदूम गुरुजी, आणि ते आता निवृत्त होऊन सांगलीला मुलाकडे असतात, हे मला त्या दुय्यम शिक्षकांनी चढावर सांगितलं होतं. कुसुमची तारीख लिहिणारा हात तोच. मला त्यांच्याकडून नक्की काय हवं होतं ते सांगता येणार नाही. आपली मोजणी चुकली असं कुणीतरी म्हणावं, बहुधा एवढंच.

मगदूम हे जैन घर. हळदीच्या पेठेमागे, वाऱ्याबरोबर हळदीचा वास थेट माजघरात. मी चार वाजता पोचले. सूनबाईंनी सांगितलं, जेवूनच जायचं, पण दिवस मावळायच्या आत, म्हणजे बोलायचं ते पटापट बोला. माझी मुंबईची गाडीही संध्याकाळचीच होती. दोन्ही घड्याळं एकाच बाजूला पळत होती.

गुरुजी सत्तरीचे, सडसडीत. कुसुम अमेरिकेला जाणार हे त्यांना माहीत होतं. कात्रण असावं तसं तिचं आंतर्देशीय पत्र त्यांनी जपून ठेवलं होतं. मी सगळं सांगितलं. टेलेक्स, अट, तेरावा, उतारा.

त्यांनी उतारा हातात घेतलाच नाही. म्हणाले, "कायद्यात शाळेची तारीख ग्राह्य धरतात. मी लिहून देतो, रजिस्टरात आहे तीच बरोबर. हा कागद तुमच्या पिशवीत आहे. तुम्ही मेढ्याला गेलाच नाहीत असं समजा."

खरं सांगायचं तर मी बसमध्ये हेच ठरवत आले होते, फक्त दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकायचं होतं. ऐकलं आणि ते खोटं वाटलं. मी म्हटलं, तलाठ्याची वही आहे, तिची आई आहे. उद्या कुणी विचारलं तर आई हेच सांगेल. एक कागद खोटा निघाला तर आठही जण राहतील.

"आणि सहा महिने थांबवली तर? बाई, तिकडची माणसं सहा महिने एका पोरीसाठी जागा धरून ठेवतील? घरचे तोवर लग्न लावून देतील. पुन्हा कोण विचारतंय."

मी उलट त्यांनाच विचारलं, साडेचार वर्षांच्या पोरीला सहाची लिहिली कशासाठी?

आतून भांड्यांचा आवाज येत होता. सूर्य खिडकीच्या गजांपर्यंत उतरला होता.

"पटावर एक मूल कमी होतं," ते म्हणाले. "चार वर्ग मी एकटा हाकत होतो. एक मूल वाढलं असतं तर दुसरा शिक्षक मंजूर होत होता. ही रोज भावाच्या मागं येऊन दारात बसायची. पाढे म्हणायची. मी आत बोलावलं आणि नाव घातलं. आईला विचारलंसुद्धा नाही. त्या पावसाळ्यात दुसरे गुरुजी आले."

त्या दुसऱ्या जागेवर आता असलेला, मला सुतळीनं चप्पल बांधून देणारा तो माणूस आठवला.

"तुमची तारीख काय हो?" त्यांनी एकदम विचारलं.

"एकवीस सप्टेंबर. वडील पोस्टात होते. घरी लिहून ठेवलं होतं."

"मग तुम्हाला नाही कळायचं," ते म्हणाले. त्यात राग नव्हता.

मग त्यांनी लेखणी मागितली. पत्र त्यांनी मराठीत लिहिलं, मी खाली इंग्रजी केलं. त्यांनी लिहिलं की आमच्या भागात जन्माची नोंद नसलेल्या मुलांना शिक्षक अंदाजानं तारीख लावत आणि ती बहुतेक एक जून असे. यात मुलांचा किंवा पालकांचा काही हात नसे. कुसुमची तारीख मी शाळेच्या गरजेसाठी मागं ओढली. ती चूक माझी आहे, मुलीची नाही, आणि तिची जागा राखून ठेवावी अशी माझी विनंती आहे. खाली त्यांनी सही केली. चाळीस वर्षांच्या नोकरीत स्वतःविरुद्ध लिहिलेला हा पहिला कागद, असं ते म्हणाले.

आम्ही घाईनं जेवलो. शेवटचा घास घेतला तेव्हा अंगणात अजून जेमतेम उजेड होता. सूनबाईंनी पानं उचलली. गुरुजी दारापर्यंत आले, माझ्या चपलेच्या तारेकडे बघून म्हणाले, काम चांगलं केलंय.

मुंबई

शनिवारी दुपारी, ऑफिस सुटायच्या आत, मी कुसुमला बोलावून गाठोडं दिलं आणि सगळं सांगितलं. कागद अजून माझ्या टेबलावर होते. ती थांबवा म्हणाली असती तर काय केलं असतं, मला माहीत नाही. तिनं उतारा वाचला, बोटांवर मोजलं, माझ्यासारखंच दोनदा.

"आईला हे सांगितलंत?"

"नाही."

"नका सांगू," ती म्हणाली. "ती पुढच्या वेळी कुणाला खरं सांगणार नाही."

आणि ती आपल्या टेबलाशी जाऊन बसली. रविवारी कागद गेले.

दहा दिवसांनी टेलेक्स आला. खुलासा पटला होता. सात जणांना मेमध्ये पाठवा. आठव्या जागेचा विचार नोव्हेंबरात करू. विचार करू, एवढंच. तो सगळा पावसाळा मी टेलेक्सची खोली उघडली की दचकत होते. वाडीकडून एक स्थळ आल्याचं कुसुमनं एकदा सहज सांगितलं, आणि आईनं सुगीपर्यंत थांबा म्हटल्याचंही. दर महिन्याला मी तिकडे एक पत्र धाडत होते, तिचं काम किती पुढं गेलं याचं. साहेब म्हणाले, पुरे आता. मी पुरे केलं नाही.

भात खळ्यावर आलं आणि टेलेक्सही आला. डिसेंबरात ती गेली. मी सोडायला गेले होते. सांताक्रूझच्या विमानतळावर उभ्या उभ्या तिनं फॉर्म भरला. जन्मतारखेच्या चौकटीपाशी क्षणभर थांबली, माझ्याकडे बघितलं आणि एक जून लिहिला, कारण पासपोर्टावर तोच होता. खऱ्या तारखेसाठी सहा महिने थांबली आणि गेली ती खोट्या तारखेवरच.

तिकडचं ऑफिस अजून वाढतंय. विट्याच्या चुलत्यांची सूचना मी पुढं कळवली होती. आता आधी जाणाऱ्यांत आम्ही एक जण स्वयंपाक येणारा बघून निवडतो. पुढची यादी मागच्या महिन्यात केली. दहा जण, त्यांत पाच एक जूनचे. मी गुरुजींच्या पत्रातल्या एक जूनच्या खुलाशाच्या पाच प्रती काढल्या, प्रत्येक दाखल्याला एक जोडली, आणि या वेळी कुणाच्याही आईकडे गेले नाही.